झेंड्यातली फुलं

पंधरा ऑगस्टला मांद्र्याच्या शाळेत झेंडा फडकला, त्यात बांधलेली फुलं खाली पडली. राष्ट्रगीत संपताच एक म्हातारा गोरा पाहुणा वाकून त्या पाकळ्या रुमालात वेचू लागला. मला शंका आली. किनाऱ्यावर ध्यानाच्या नावाखाली भलतेसलते प्रकार करणारे मी खूप पाहिलेत.

"सायबा, हें कित्याक?" कशासाठी वेचतोय ते मी दरडावून विचारलं.

तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "आमच्या गावात झेंडा बदलला की लोक सामान बांधायचे. झेंड्यात फुलं बांधलेली इथंच पाहिली."

बोलायला गोड असतात हे लोक! रुमालात आणखी काय आहे ते बघायला मी पुढे सरकलो. तो माझ्या पायाशी वाकून थांबला.

माझ्या चपलेखाली झेंडूची पाकळी होती.