वरच्या टोकाचा पैलवान

आमचे थोरले भाऊजी स्वतःची तब्येत स्वतःच तपासतात. डॉक्टर कशाला हवा, म्हणे. सकाळी उघड्या अंगानं आरशासमोर उभं राहायचं, पोट आत ओढायचं, छातीवर थापा मारायच्या आणि मनगटावर अंगठा दाबून डोळे मिटायचे. नाडी सापडते की नाही, देव जाणे. मग सगळ्या घराला ऐकू जाईल असा निकाल: "फिट! एकदम फिट!" श्वास सोडला की पोट पुन्हा पट्ट्यावर येऊन बसतं, पण तोवर निकाल लागलेला असतो.

आमचा धंदा घरसामान हलवायचा. भाऊजी आणि माझा नवरा, दोघे सख्खे भाऊ, जड सामान जिन्यानं चढवतात-उतरवतात. मी काचसामान गुंडाळते, खोकी भरते. बाजारात भाऊजींना पैलवान म्हणतात. ते नावही त्यांनीच पसरवलंय.

त्यांची खरी कसोटी म्हणजे शीळ. कपाट वरच्या मजल्यावर टेकवलं रे टेकवलं की भाऊजी ओठांचा चंबू करून लांबलचक शीळ घालणार. "ओझं चढवून ज्याला शीळ घालता आली, तो माणूस फिट. बाकी सगळी तोंडाची वाफ." आणि माझा नवरा? तो भिंतीला टेकून धापा टाकत असायचा. शीळ राहू दे, त्याला पाणी मागायलाही आवाज फुटायचा नाही. मग गिऱ्हाइकासमोर भाऊजी त्याच्या पाठीत धपका मारून म्हणायचे, "धाकटा आहे आमचा. जरा लेचापेचाच आहे." वर ख्या ख्या ख्या.

सासरे गेल्यापासून जिन्यात भाऊजी वरच्या टोकाला आणि माझा नवरा खालच्या, हे ठरलेलं. का, तर "वरच्याला उलटं चढावं लागतं, अक्कल लागते, शिवाय सगळं ओझं ओढून घ्यावं लागतं. खालचा काय, नुसता टेकू." आणि आमचा भोळा सांब हे वेदवाक्य मानून बसलेला! पहाटे उठून गुपचूप जोर मारायचा, शक्तीच्या गोळ्या गिळायचा. गुडघा सुजला तरी म्हणायचा, "माझंच अंग हलक्या काठीचं. दादाकडे बघ."

मीही बघतच होते म्हणा. पण एकदा जाऊबाईंनी आणि मी घरातला पलंग माळ्यावर चढवला. मी खाली होते. निम्म्या जिन्यात माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि वर जाऊबाई खिडकीतून शेजारणीशी खुशाल गप्पा मारतायत! तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे हा पैलवान इतकी वर्षं आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलाय आणि माझा नवरा खाली पिचतोय. मी ह्यांना सांगितलं तर माझ्यावरच चिडले. "दादाबद्दल असं बोलू नकोस."

मग एकदा जेवताना भाऊजींनी फर्मान काढलं. "ह्याला आता झेपत नाही. पुढच्या महिन्यापासून मी नवा गडी घेतो. ह्यानं गोदामात खुर्ची टाकून बसावं, राखण करावी."

ज्या धंद्यात ह्यांनी गुडघे झिजवले, त्यातून हा ह्यांना बाजूला काढणार! आणि ह्यांनी मान खाली घालून काय म्हणावं? "दादाचं बरोबर आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चालेल," मी म्हटलं, "पण भाऊजी, एकदा ह्यांना वर घ्या, तुम्ही खाली लागा. ह्यांना वरचं टोक झेपलं नाही, तर मी स्वतः ह्यांना गोदामात नेऊन बसवते."

"वरच्या टोकाला हा?" भाऊजींना हसताना ठसकाच लागला. "चार पायऱ्यांत बसेल खाली. बघच तू."

घोडामैदान जवळच होतं. दुसऱ्याच दिवशी एका शिक्षिकाबाईंचं शिसवी कपाट चौथ्या मजल्यावर न्यायचं होतं. मी कपाटाच्या आरशावर गोधडी बांधायला घेतली, तर भाऊजी म्हणाले, "थांब जरा." आधी पोट आत ओढून स्वतःला डोळे भरून बघितलं. मग म्हणाले, "हं, बांध."

पहिला मजला त्यांनी तोऱ्यात काढला. दुसऱ्याच्या वळणावर मान लालबुंद झाली. तिसऱ्याच्या निम्म्यात कपाट हळूहळू त्यांच्या छातीवर कलंडायला लागलं. "टेकव! अरे टेकव!" आवाज कसला, चिरका. मी धावत जाऊन खालून खांदा दिला, ह्यांनी वरून कपाटाला बांधलेला पट्टा आवळला, तेव्हा कुठे कपाट पायऱ्यांवर टेकलं. भाऊजी फतकल मारून बसले. तोंड उघडं, मिशीवरून घाम गळतोय. खोटं कशाला बोलू, मला गार वाटलं.

वरून ह्यांनी खाली वाकून बघितलं. चेहऱ्यावर ना राग, ना टोमणा.

"दादा," ते म्हणाले, "वरून एवढं हलकं असतं?"

भाऊजींनी मिशी पुसली. मग म्हणाले, "आज सकाळपासून पोट बरं नाही माझं." नाचता येईना, अंगण वाकडं!

आमचे हे लगेच कठड्याला धरून, दुखरा गुडघा सावरत खाली यायला निघाले. "सरक दादा, तुला नाही झेपायचं. मी लागतो खाली."

"खबरदार," मी ओरडले. "तुम्ही वरच थांबा. खाली मी आहे आणि भाऊजी आहेत."

उरलेला जिना आम्ही तसाच चढलो. भाऊजींचा नुसता भाता चाललेला. वर कपाट टेकवलं, तेव्हा हे दारात उभे होते. त्यांनी ओठांचा चंबू केला. कधी सवयच नव्हती, आधी नुसती हवाच गेली. मग बारीकशी, बेसूर शीळ निघाली.

ते दचकून थांबले. स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. डोळे भरून आले होते.

"अगं," ते म्हणाले, "मला दमच लागला नाही."