पणजीची बोट आणि अर्नाळ्याचा चिखल

आमच्या ह्यांना जाऊन आज वर्ष झालं आणि माझा राग अजून उतरलेला नाही.

फोटोखाली "शांत स्वभावाचे होते" असं कुणी लिहू नका, प्लीज.
त्या शांततेनेच माझा जीव खाल्लाय.

नव्वदच्या दशकात आम्ही एव्हरशाईन सिटीत राहायला आलो तेव्हा आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या फ्लॅटना कुलूप होतं. लेक शाळेत गेली की घरात मी आणि टीव्ही.

माझं माहेर इस्लामपूरकडचं. जेवायला पंगती बसायच्या आमच्याकडे. मला माणसं लागतात.

ह्यांचं बरोबर उलट. दिवसभर ऑफिसच्या काउंटरवर पब्लिकची कटकट ऐकायची आणि घरी आलं की पंख्याचा आवाजसुद्धा नको.

अशात सावंत वहिनींनी (मजला तिसरा, आवाज गच्चीपर्यंत) बिल्डिंगची गोव्याची ट्रिप काढली. मुख्य आकर्षण, पणजीची संध्याकाळची बोट. नदीवर सूर्यास्त, डेकवर गाणी, नाच.
त्यात आमच्या लग्नाचा वाढदिवस नेमका त्याच रविवारी.

मी साडी घेतली. मॅचिंग बांगड्या घेतल्या. मैत्रिणींना सांगून मोकळी झाले.

"मी चौकशी केलीय," हे म्हणाले. "त्या बोटीवर पाय ठेवायला जागा नसते. मी तुला त्याहून भारी ठिकाणी नेतो. तसंच पाणी, तसाच सूर्यास्त. आणि माणूस दिसणार नाही."

माणूस दिसणार नाही!
जसं काही मला बक्षीसच देत होते.

भारी ठिकाण म्हणजे आमच्या घराजवळचीच अर्नाळ्याची खाडी.

ह्यांच्या ऑफिसातले मेहेर भाऊजी अर्नाळ्याचे, घरची होडी. त्यांनी बजावलं होतं, "साहेब, पुनव हाय. बाराला भरती. बारालाच या, मंग पानी उतरंल."

ह्यांनी मला काय सांगितलं? "बाराला बीचवर पिकनिकवाले असतात. आपण चारला जाऊ, शांत असेल."

म्हणजे भरतीने ह्यांच्यासाठी थांबायचं.

बरं, मेहेर भाऊजी भिडस्त. साहेबांना नाही कसं म्हणायचं, म्हणून "थोडंच आत जाऊ" म्हणत त्यांनी होडी काढली. हे आपले "अजून जरा आत, अजून जरा आत." का, तर काठावर दोघीजणी मासळी वाळत घालत होत्या आणि त्या ह्यांना दिसत होत्या!

शेवटी कुणीच दिसेना.
आणि होडी चिखलात बसली.

दोन्ही बाजूंना तिवरांची झाडी, खाली गुडघाभर चिखल, वर डास. मध्ये मी, नवीन साडीत.

"आता पानी येईपरत बसायचं वैनी," मेहेर भाऊजी दुसरीकडे बघत म्हणाले आणि होडीच्या टोकाला जाऊन बसले.

हे मात्र खूश. डबा उघडून वडी पुढे केली आणि म्हणाले, "बघ, किती शांत आहे."

तेव्हा माझा बांध फुटला.

"मला शांतता नकोय हो! घरी काय कमी आहे का ती? मला माणसं हवी होती. आणि त्या माणसांत माझ्या शेजारी तुम्ही हवे होतात. एकदा तरी."

मेहेर भाऊजी बिचारे वल्हं पुसत राहिले. ह्यांची वडी हातातच राहिली. चांगला चंद्र वर आल्यावर पाणी चढलं आणि आम्ही सुटलो.

पुढच्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात सावंत वहिनी, मागे तळमजल्याचे नायर, त्यांच्या मागे आणखी चार घरं.
"तुमच्याकडे पोहे आहेत ना? भाईसाहेब सांगून गेले."

ह्या माणसाने कुलूप नसलेल्या प्रत्येक दारावर जाऊन आमंत्रण दिलं होतं. मला न विचारता! घरात कांदा नाही, पोहे एक वाटी.

आणि स्वतः? सगळ्यांना "या, या, बसा" म्हणून पेपर घेऊन गच्चीवर. पाण्याच्या टाकीच्या सावलीत.

मग दर रविवारी हेच. वर्षानुवर्षं. घर माणसांनी भरलेलं आणि घरधनी टाकीखाली. मी चहा घेऊन वर जायचे आणि भांडून खाली यायचे.

पणजीचा विषय काढला की एकच उत्तर. "ऑफ सीझनला जाऊ."

ऑफ सीझन आला नाही. हे गेले.

त्या दिवशी जिन्यात चपलांना जागा नव्हती. पोहे खाऊन गेलेलं प्रत्येक माणूस आलं होतं. एवढ्या गर्दीत ह्यांना पहिल्यांदाच गच्चीवर पळता आलं नाही.

गेल्या महिन्यात सावंत वहिनींनी मला ओढून पणजीला नेलं.

तीच बोट. पाय ठेवायला खरंच जागा नव्हती. स्पीकर असा की दात हलावेत. सगळी बिल्डिंग नाचत होती. मला हवं होतं ते सगळं होतं.

मी एका गाण्याला टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या गाण्याला उठले. खाली गेले आणि बोटीच्या मागच्या टोकाला, दोरखंडांपाशी जाऊन बसले. तिथे कुणी नव्हतं. अहो, तुम्ही आला असतात तर तिथेच बसला असतात, हे मला बघताक्षणी कळलं.

सूर्य बुडेपर्यंत तिथेच रडत बसले.

इतकी वर्षं थांबून एकदाची त्या बोटीवर चढले, आणि तिथेही तुम्ही मला गर्दीत बसू दिलं नाहीत.

असाल तिथे शांत असा. मी येईन तेव्हा मात्र चार माणसं बोलावून ठेवा, आणि त्या दिवशी तरी गच्चीवर जाऊ नका.

रविवारचे पोहे चालू आहेत. ज्यांना ह्यांना श्रद्धांजली वाहायची आहे, त्यांनी घरी येऊन वाहावी.