सोळा तासांची घाण

विमान किती लांबून आलंय हे विमानं साफ करणाऱ्या काकूंना विचारावं. आत पाऊल टाकताच सांगतील, तेही नाक दाबून. दोन तासांचं असलं तर नुसता बिस्किटांचा चुरा. सहा तासांचं असलं तर सांडलेला ज्यूस आणि सीटला चिकटवलेलं च्युइंगगम. आणि ते साडेतेरा हजार किलोमीटर कापून सकाळी उतरणारं, सोळा तासांचं? शी! खिशात कोंबलेल्या ओकारीच्या पिशव्या, कापलेली नखं, कुणाचा तरी ओला मोजा, आणि संडासांबद्दल तर बोलायलाच नको. "माणसं बसली होती की गुरं?" असं करवादत काकू हातमोजे चढवायच्या.

पूर्वी त्या विमानतळावरची बाकडी पुसायच्या. हे सोळा तासांचं विमान त्यांनी मुद्दाम मागून घेतलं, कारण ते ज्या शहरातून यायचं तिथे त्यांचा मुलगा राहायचा. वेडी माया, दुसरं काय! मुलाला मात्र त्यांनी हे सांगितलं नव्हतं. झाडूचं नाव काढलं तरी चिरंजीव नाक मुरडायचे.

घरी नवरा होता. त्याची नजर जात चालली होती. वर्ष संपेपर्यंत टिकली तर नशीब, असं डॉक्टर म्हणाले होते. तोवर नातीचं तोंड एकदा बघायचं, एवढाच त्याचा हट्ट. फोटोत काय दिसणार? फोन नाकाला लावला तरी त्याला सगळं धूसरच. मुलाचा फोन येऊन गेला की तो विचारायचा, "काय म्हणाला?"

"अहो, सोळा तासांचा प्रवास. तान्ह्या पोरीला झेपायचा नाही, म्हणाला."

"हो गं, लांबच आहे," असं बिचारा म्हणायचा.

काकूंनाही ते पटलं होतं, विमानातल्या कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत. त्या दिवशी मागच्या रांगेत सीटखाली गुंडाळून टाकलेला डायपर हाताला लागला. मग आणखी एक. पुढे दुधाची आंबलेली बाटली, लाळेने चिकट झालेला खुळखुळा. तेव्हापासून काकूंना सगळ्यात जास्त किळस डायपरची. बरोबरच्या बायका चेष्टा करायच्या, "काकू, ओकारी मुकाट्याने पुसता आणि डायपर दिसला की तोंड वाकडं!" काय सांगणार त्यांना? कुणाचं तरी तान्हं बाळ एवढ्या लांबून आजी-आजोबांकडे आलं होतं, आणि आपलं येत नव्हतं.

रविवारी मुलाचा फोन आला. "आई, या सुट्टीतही जमणार नाही गं. एवढ्या लांबच्या विमानात तान्हं मूल कोणी आणतं का? आणि ती विमानं किती घाण असतात, तुला कल्पना नाही."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मला कल्पना नाही? अरे, तुझ्याकडून येणारं विमान रोज मी साफ करते! पिशवी भरभरून डायपर उचलते या हातांनी. ती बाळं काय वाऱ्यावरून येतात?"

 तिकडून हळूच आवाज आला, "शी! आई, तू संडास धुतेस? हिच्या घरच्यांना कळू देऊ नकोस हं."

इतकी वर्षं घाणीत हात घातले, पण अशी किळस कधी आली नव्हती. काकूंनी फोन बंद केला.

"काय म्हणाला?" नवऱ्याने आवाजाच्या दिशेने मान वळवली. "लांब आहे, हेच ना?"

"लांब काही नाही हो," काकू म्हणाल्या. "त्याला यायचंच नाहीये."