उस्ताद खोटं बोलत नसत
"'काय होत न्हाई' असं जो पेशंटला म्हणंल, त्यानं उद्यापास्नं घरी बसायचं." वर्गात पाऊल टाकल्या टाकल्या उस्तादांनी हे सुनावलं आणि हातातली बँडेजची गुंडाळी टेबलावर आपटली.

रुग्णवाहिकेवरचं काम शिकायला आम्ही साताऱ्यात जमलो होतो. रक्त, हाडं, ऑक्सिजन असलं काहीतरी ऐकायला मिळणार म्हणून पेनं काढून बसलेलो, आणि हे बाबा खोटं बोलू नका म्हणून सुरुवात करतायत! मला तर वाटलं, आपण चुकून कीर्तनालाच येऊन बसलो.

ते सैन्यात जखमींची शुश्रूषा करून निवृत्त झालेले. तिकडं शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. घर आष्ट्याजवळच्या खेड्यात. बायको, ऊस, म्हैस तिकडं, मुलगा शिरवळला कंपनीत आणि हे साताऱ्यात भाड्याच्या खोलीत. चपात्या स्वतः लाटायचे. त्या इतक्या कडक व्हायच्या, की मोडलेल्या पायाला बांधायच्या फळ्या म्हणून चालतील असं आम्ही त्यांच्या तोंडावर म्हणायचो. "खावा की गड्यांनो, दात घट हुत्यात," म्हणत तेही हसायचे. रविवारी मुलगा यायचा. बापाच्या चपातीला नावं ठेवायला आमच्यात तो सगळ्यात पुढं.

आपल्याकडची रीत तुम्हाला सांगायला नकोच. माणूस गेलेला असतो, पण घरी फोन जातो तो "जरा सीरियस हाय, लगेच या" एवढाच. मग ती माउली पिशवीत त्याचे कपडे भरते, डब्यात भात घेते आणि दवाखान्याच्या पायरीवर येऊन कोसळते. उस्तादांना या रीतीची भयंकर चीड.

"गेला हे डॉक्टर सांगंल, ते आपलं काम न्हाई. पर बरा हुईल असं बी म्हणायचं न्हाई."

"मग म्हणायचं तरी काय?" मी एकदा वैतागून विचारलं.

"श्वास न्हाई. आमी छाती दाबतोय. दवाखान्यात न्हेतोय. संपलं."

"आणि समोरचा रडायला लागला तर?"

"रडू दे की. त्याचं माणूस हाय, त्यो रडणारच."

काय दगड माणूस आहे, असं मला वाटलं होतं.

मग एकदा शिकाऊ म्हणून मी त्यांच्याबरोबर महामार्गावर गेले. ट्रकच्या केबिनमध्ये एक ड्रायव्हर कमरेपासून खाली अडकलेला. पत्रा कापायचं काम चालू होतं. त्यानं विचारलं, "मी मरणार का ओ?" मी तोंड उघडणार एवढ्यात उस्ताद म्हणाले, "ठाव न्हाई, गड्या. पर मी हितनं हलत न्हाई." आणि खरंच हलले नाहीत. दवाखान्याच्या दारापर्यंत त्याचा हात धरून बसले. पुढं त्याचं काय झालं ते आम्हाला कळलं नाही. आमच्या कामात ते बहुतेकदा कळतच नाही. पण त्या दिवसापासून मी त्यांना दगड म्हटलं नाही.

शिक्षण संपलं आणि मला महामार्गावरच्याच गाडीवर काम मिळालं. एका दुपारी शिरवळच्या अलीकडं कंटेनरखाली मोटरसायकल गेल्याचा फोन आला. गाडीवरच्या सहकाऱ्यानं आणि मी मिळून हेल्मेट काढलं. उस्तादांचा मुलगा होता. नाडी नव्हती, श्वास नव्हता. तरी आम्ही वाटभर छाती दाबत राहिलो. दवाखान्यात डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा कुठं थांबलो.

उस्तादांना फोन मीच केला. म्हटलं, "उस्ताद, पोराचा अपघात झालाय. जरा सीरियस आहे, तुम्ही या."

ते म्हणाले, "पोरी, तुला मी काय शिकिवलं?"

मी सांगितलं. जसं होतं तसं, रडत रडत सांगितलं.

"बरं," ते म्हणाले. "त्याच्यापाशी थांब. त्याला एकटं ठिवू नकोस. मी येतो."

घरी बायकोलाही त्यांनी तसंच सांगितलं, ऐन अंगणात, सगळ्या भावकीसमोर. "गेला. जागच्या जागी गेला. काय बोलला न्हाई." बाया त्यांच्या अंगावर धावून आल्या. "आवं, आईला असं सांगत्यात व्हय?" तेव्हापासून काकूंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायच्या, पण शब्द नाही. उस्तादांनी शिकवणं सोडलं, साताऱ्याची खोली सोडली आणि गावी जाऊन राहिले.

काही महिन्यांनी मी भेटायला गेले. उस्ताद कॉटवर बसलेले, लय वाळलेले. गाडीवरचं काम कसं चाललंय, काही विचारेनात. काकूंनी मला चहा दिला आणि समोर जमिनीवर बसल्या. माझा गुडघा धरला.

"तू हुतीस न्हवं त्याच्यापाशी? शेवटाला काय बोलला का गं? ह्यांनी मला काय म्हंजे काय सांगिटलं न्हाई."

मी उस्तादांकडं पाहिलं. ते माझ्याकडं बघेनात. म्हटलं, आता हा माणूस "जे हाय ते सांग" म्हणणार आणि मला या बाईच्या डोळ्यांत बघून ते सांगावं लागणार.

उस्ताद उठले. "म्हशीला पाणी दावायचं ऱ्हायलंय," असं भिंतीकडं बघत म्हणाले आणि बाहेर गेले. जाताना दार ओढून घेतलं. भर दुपारी उघडं असलेलं दार, त्यांनी पार कडीपर्यंत ओढून घेतलं.

मी काकूंचा हात हातात घेतला.

"बोलला, काकू. आई म्हणाला."

काकूंनी पदर तोंडाला लावला. पदराआडूनच विचारलं, "कसं म्हणाला?"

मी म्हणून दाखवलं.

उस्ताद लवकर आत आले नाहीत.