पलस्तर नसलेला पाय

पवनारला आमच्या शेजारची काकू धाम नदीच्या काठी वांगी लावायची. बोलायची हळू, पण उत्तर मिळेपर्यंत प्रश्न सोडायची नाही. तिला वाचता येत नव्हतं, तरी कुणाला दवाखान्यातून घरी आणायचं असलं, की गाव तिलाच सोबत नेई. "सोराज आलं ना आता, मंग इचाराले कायचं भेव?" म्हणायची.

बाबांचा हिवताप उतरला, तेव्हा वर्ध्याच्या दवाखान्यात मीही होतो. काकूनं खिडकीतल्या बाबूला बिल वाचायला लावलं. तो वाचता वाचता म्हणाला, "पायाचं पलस्तर."

"कोनाच्या पायाले?"

"लिहून आहे बाई. कागद कसा चुकन?"

काकू बाबांकडे वळली. "भाऊजी, बाबूले जरा चालून दाखवा."

बाबांनी धोतर गुडघ्यापर्यंत उचललं आणि ते व्हरांडाभर चालून आले. रांग हसली, मग बाबूही हसला. बाबांच्याच नावाचा दुसरा रोगी आत पाय बांधून पडला होता. बाबूनं नवं बिल केलं.

आम्ही निघालो, तर मागे रांगेतला एकेक जण म्हणू लागला, "बाबू, आमचं बी वाचून सांगा."

काकूनं वळून पाहिलं नाही. पण वरमाय मिरवावी तशी ती फाटकातून बाहेर पडली.