तिसऱ्या भरणीची चिठ्ठी

मर्लने काडतुसाची तुटकी पितळी पुंगळी टेबलावर ठेवली आणि बस म्हणायची वाट न बघता तो बसला. गालावर ही मोठी पट्टी. काडतूस रायफलीतच फुटलं होतं, डोळा थोडक्यात वाचला होता.

"बाबांची रायफल गेली कामातून," तो म्हणाला. "उद्या वेल्डरकडे नेऊन नळीच कापून टाकतो. घरात नातवंडं खेळतात."

"आधी बघू तर दे," आर्विड म्हणाला.

मोंटानातल्या त्या गावात कुणाचं काडतूस बिघडलं की ते आर्विड टोलेफसनकडे यायचं. पुंगळीचं तोंड फाटलंय, म्हणजे पितळ कडक झालंय. बुडातली ठिणगीची टोपी सैल पडलीय, म्हणजे बंदुकीची दारू जास्त झालीय. उडवलेल्या पुंगळ्यांत पुन्हा दारू-गोळी भरून निम्म्या गावाची काडतुसं तोच करून द्यायचा आणि डब्यातली चिठ्ठी बायको, लिओना, लिहायची: दारू किती, पितळ कितव्यांदा भरलं. मागच्या फेब्रुवारीत ती गेली. तेव्हापासून आर्विडला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. रडू आलं नाही, जेवणाला चव नव्हती. हात तेवढे सवयीने चालत होते.

पुंगळी बुडाच्या जरा वर गोल तुटली होती. त्याने टोक वाकवलेली तार घेतली आणि मर्लने आणलेल्या त्याच डब्यातली दुसरी उडवलेली पुंगळी आतून चाचपली. तार अडकली. तिसरीतही अडकली. सगळ्यांना आतून खाच पडलेली. मग त्याने मर्लच्या खिशातल्या दुकानातून घेतलेल्या नव्या काडतुसांच्या पुंगळ्या तपासल्या. त्याही त्याच रायफलीतून उडवलेल्या. तार कुठेही न अडकता सरळ फिरली.

म्हणजे रायफल ठणठणीत होती; खोट आर्विडने भरून दिलेल्या काडतुसांत होती. गप्प बसला असता तर मर्लच्या वडिलांची आठवण भंगारात गेली असती आणि आर्विडचं नाव शाबूत राहिलं असतं.

"रायफल कापू नकोस. चूक माझी आहे. पितळ भरून भरून थकलंय."

"थकलंय कसं? चिठ्ठीत तिसरी भरण लिहिलीय की."

"ते लिओनाने लिहिलं. त्यानंतर सहा वेळा मी भरलं. चिठ्ठी तीच ठेवत गेलो."

"अरे येड्या, नवी लिहायची ना!"

"ही टाकवेना रे."

मर्लने डब्यातली चिठ्ठी काढून त्याच्यापुढे सरकवली. लिओनाने जन्मात चुकीची चिठ्ठी लिहिली नव्हती. तिच्या अक्षराला खोटं पाडलं ते आर्विडने. हे त्याला नीट कळलं, आणि कळूनही आत काही हललं नाही. त्याने पक्कड घेतली, पुन्हा कुणी भरू नयेत म्हणून पुंगळ्या एकेक करून चेपल्या आणि चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"गाल दुखतो का?" त्याने विचारलं.

"दुखतो की! रात्रभर ठणकत होता."

आर्विडला त्याचा हेवा वाटला.