खोटी हिरवी टिक

मंडळी, आज डोकं पार आउट आहे.

मी दहावी नापास. गाव सोडून मुंबईत, दिंडोशीच्या एका छोट्या ऑफिसात वेबसाइट तपासायला लागलो. हाताने बटणं दाबून बघणं येतं. पण तेच काम करणारा कोड, म्हणजे टेस्ट, लिहायला जमलं तरच नोकरी पक्की.

तीन दिवस खपून बुकिंगच्या फॉर्मसाठी चौदा टेस्ट लिहिल्या. सकाळी सगळ्यांवर हिरवी टिक, म्हणजे सगळ्या पास! शिकवणाऱ्या मेघनाताईला म्हटलं, "बघ ताई, झकास ना?"

तिने फॉर्मच्या कोडमधून बुकिंगचं बटणच उडवलं. टेस्ट परत चालवल्या. बटण नाही, तरी हिरव्या!

"अरे घोडनवऱ्या, तुझी टेस्ट वेबसाइटचं उत्तर यायच्या आधीच पळते. तिला थांबायला कोण सांगणार?"

टेस्टला 'थांब' सांगणारा एक शब्द लिहायचा राहिला होता यार! तिने बटण परत आणलं, मी तो शब्द सगळीकडे टाकला. चौदातल्या नऊ लाल. तीन दिवसांची वाट लागली.

शुक्रवारी साहेब बघणार आहेत. ते निस्तरेन कसंतरी.

पण हिरव्या टिकांचा फोटो मी सकाळीच आईला पाठवला होता, 'जमलं' लिहून. तिने अख्ख्या वाडीला दाखवला. आता तिला फोन करून काय सांगू, सांगा ना?